फाइल कोणत्या टेबलावर आहे? पुण्यात महापालिकेच्या निर्णयापर्यंत कसं पोहोचायचं

आमच्या गल्लीचा उतार जिथे संपतो तिथे दोन जुन्या इमारती आहेत. जूनमधला पहिला मोठा पाऊस आला की तळमजल्यावरच्या काकू उंबऱ्यात गोणपाट लावून बसायच्या. पाणी आत यायचंच. पाच वर्षं आम्ही दर पावसाळ्यात तक्रार केली. दर वेळी मुकादम दोन माणसं पाठवायचा, चेंबर उपसलं जायचं, गाळाचा ढीग कडेला पडून राहायचा आणि मोबाइलवर तक्रारीचं निराकरण झाल्याचा मेसेज यायचा. पुढच्या सरीला तोच गाळ पुन्हा चेंबरमध्ये.

सहाव्या वर्षी एक कनिष्ठ अभियंता पाहणीला आला. चिखलात उभा राहून त्याने शांतपणे सांगितलं, "ताई, तुम्ही मागताय साफसफाई. इथे लाइनच लहान आहे. ती बदलायला बजेट लागतं. बजेट ठरतं हिवाळ्यात आणि तुम्ही येता जूनमध्ये."

त्या चार वाक्यांमुळे माझी सगळी पद्धत बदलली. सरकारी निर्णय एका ठरावीक काळात कच्चा असतो. तेव्हा योग्य टेबलावर कागद पोहोचला तर तो वळतो. ती वेळ टळली की उरतो तो मोर्चा किंवा कोर्ट. पुढे जे लिहिते आहे ते या वेळा आणि ही टेबलं ओळखण्याबद्दल आहे. उदाहरणं पुण्याची आहेत, कारण मला हेच शहर ठाऊक आहे.

आधी ठरवा: तुम्हाला नक्की काय हवं आहे

दिवा बंद आहे, कचरा उचललेला नाही, चेंबरचं झाकण तुटलंय, ही झाली तक्रार. जन्मदाखला, नळजोड, मिळकतकराचा उतारा, झोन दाखला ही सेवा. ती मुदतीत मिळणं हा तुमचा हक्क आहे. आणि लाइन मोठी करा, इथे पदपथ करा, हे झाड तोडू नका, ही बस या रस्त्याने न्या, हा निर्णय. तिन्हींचे दरवाजे वेगळे आहेत. आमची पाच वर्षं गेली ती तक्रारीच्या दरवाजात उभं राहून निर्णय मागण्यात. मला भेटणाऱ्या दहांपैकी सात-आठ जणांचंही तेच झालेलं असतं.

मग शोधा: हे काम कोणाचं

पुण्यात हा प्रश्न सोपा नाही. लष्कर भागातला एखादा रस्ता पुणे कॅन्टोन्मेंट बोर्डाचा, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतला. खडकीचं बोर्ड वेगळं. कात्रज-देहूरोड बाह्यवळण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. सिग्नल आणि नो-पार्किंगचे आदेश वाहतूक पोलिसांकडे, पण त्याच चौकातला पदपथ महापालिकेकडे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. नंतर त्यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. या पट्ट्यातल्या लोकांना तर आपला रस्ता आज कोणाकडे आहे इथूनच सुरुवात करावी लागते.

महापालिकेच्या आतही उतरंड आहे. १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत आणि प्रत्येकाचा प्रमुख महापालिका सहाय्यक आयुक्त. गल्लीबोळातली छोटी कामं तिथे होतात. मोठे रस्ते पथ विभागाकडे, मोठ्या सांडपाणी वाहिन्या मलनिःसारण विभागाकडे, झाडं उद्यान विभागाकडे. या विभागांना कार्यालयात सगळे 'मुख्य खातं' म्हणतात. "हे मुख्य खात्याचं आहे" असं कोणी म्हणालं की लगेच विचारा, "कोणत्या खात्याचं, आणि तिथला उपअभियंता कोण?" नाव आणि पद वहीत लिहून घ्या. बोलणं संपायच्या आत लिहा, जिना उतरेपर्यंत विसरायला होतं.

कोणीच जबाबदारी घेत नसेल तर माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(३) कामाला येतं. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करायचा असतो आणि तसं तुम्हाला कळवायचं असतं. त्या वर्ग केल्याच्या पत्रावर मालक कोण ते छापील मिळतं.

तक्रार: क्रमांक घ्या, पण तिथे थांबू नका

पीएमसी केअर अ‍ॅपवर किंवा १८०० १०३ ०२२२ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवा. फोटो काढताना फ्रेममध्ये दुकानाची पाटी, विजेच्या खांबाचा क्रमांक असं काहीतरी ओळखीचं येऊ द्या, नाहीतर "जागा सापडली नाही" म्हणून तक्रार बंद होते. काम न होता तक्रार बंद झाली तर त्याच दिवशी पुन्हा उघडा आणि स्क्रीनशॉट ठेवा. एकाच जागेच्या तीन तक्रारी बंद झालेल्या असतील तर समजा की दुखणं साफसफाईचं नाही. अ‍ॅप बाजूला ठेवा आणि कागद काढा.

अर्ज आणि पोच

या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

अर्ज एका पानाचा. दोन प्रती. एक आवक-जावकमध्ये द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. हीच पोच. "साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा" असं म्हणाले तरी साहेबांच्या टेबलावर ठेवून येऊ नका. आवक कारकुनाला साहेब असण्या-नसण्याशी देणंघेणं नसतं. कोणी शिक्का द्यायला नकारच दिला तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. ईमेल जरूर करा, पण त्याला पोचेचा पर्याय समजू नका.

आमचा अर्ज शेवटी असा झाला:

"विषय: अमुक गल्लीतील पावसाळी वाहिनी बदलण्याबाबत.

महोदय, वरील गल्लीत इमारत क्र. … ते इमारत क्र. … या सुमारे ६० मीटर लांबीत ३०० मिमी व्यासाची वाहिनी आहे. वरच्या बाजूने येणारी वाहिनी ४५० मिमीची आहे. त्यामुळे जोराच्या पावसात पाणी तुंबून तळमजल्यावरील सहा घरांत शिरते. अशा घटनांच्या तारखा, छायाचित्रे व आजवरच्या तक्रारींचे क्रमांक सोबत जोडले आहेत.

विनंती: १) कनिष्ठ अभियंत्यामार्फत स्थळपाहणी करून पूर्वगणनपत्रक तयार करावे. २) पुढील अंदाजपत्रकात तरतूद प्रस्तावित करावी. ३) केलेल्या कार्यवाहीची माहिती लेखी कळवावी."

पूर्वगणनपत्रक म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज. खाली सहाही घरांच्या सह्या. आमचा आधीचा अर्ज तीन पानांचा होता. त्यात कर भरतो, मतदान करतो, प्रशासन झोपलंय, सगळं होतं. जी माहिती अभियंत्याला कामाला लागते ती मात्र नव्हती. कुठून कुठपर्यंत, किती मीटर, किती व्यास, किती घरं, कोणत्या तारखा. त्याला वरच्या साहेबांसाठी टिपणी लिहायची असते. तुमच्या अर्जातली वाक्यं त्याला तशीच उतरवून घेता आली पाहिजेत.

सेवा अडली असेल तर

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. अधिसूचित सेवा कोणती, ती किती दिवसांत द्यायची, पदनिर्देशित अधिकारी कोण आणि अपील कोणाकडे, याचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. अर्ज नागरी सुविधा केंद्रात किंवा ऑनलाइन करा आणि क्रमांक घ्या. मुदत उलटली की ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, मग दुसरं, आणि तरीही नाही तर राज्य सेवा हक्क आयोग. पुरेशा कारणाशिवाय सेवा अडवली असं ठरलं तर संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही, पण ती त्याच्या नावावर लागते. माझा अनुभव सांगते, पहिल्या अपिलाचा कागद आत गेला की बहुतेक दाखले आठवड्याभरात मिळतात.

फाइल स्वतः उघडून बघा

पुण्यातल्या फार थोड्या लोकांना हे माहीत असतं. राज्य सरकारच्या परिपत्रकाप्रमाणे सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात महापालिकेच्या कार्यालयात जाऊन फाइल बघता यायला हवी, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागू नये. पुणे महापालिकेने ही पद्धत आधी सुरू केली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने जिल्हाधिकारी कार्यालयं, जिल्हा परिषदा आणि स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी तसं परिपत्रक काढलं. काही ठिकाणी "असं काही नसतं" असं उत्तर मिळतं. त्या परिपत्रकाची छापील प्रत पिशवीत ठेवा.

आम्ही तिघं गेलो होतो. मी, काकू आणि समोरच्या इमारतीतले एक निवृत्त काका. कारकुनाने आधी दोन जणांना विचारलं, मग कपाटातून दोऱ्याने बांधलेली एक फिकट पिवळी फाइल काढून दिली. उजव्या बाजूला आमचेच जुने अर्ज लागलेले. डाव्या बाजूला टिपण्या. पान उलटता उलटता काकांचं बोट एका ओळीवर थांबलं. तीन वर्षांपूर्वीच्या टिपणीत एका अभियंत्याने स्वच्छ लिहून ठेवलं होतं की वरून येणारी लाइन ४५० मिमीची, इथली ३०० मिमीची, सबब ती बदलणं आवश्यक. त्याखाली वेगळ्या शाईत शेरा होता: "निधी उपलब्धतेनुसार." त्यानंतर एकही पान नाही.

काकू बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या. आपलं म्हणणं खोटं नव्हतं हे त्यांना तिथे पहिल्यांदा सरकारी अक्षरात दिसलं. आमच्या अर्जातले व्यासाचे आकडे त्या पानावरूनच आले. फाइल बघायला जाल तेव्हा वही न्या, टिपणीच्या पानांचे क्रमांक आणि तारखा उतरवून घ्या आणि शेवटची सही कोणाची ते बघा. शेवटची सही जिथे आहे, फाइल तिथे अडलेली असते.

फाइल दाखवली नाही किंवा साक्षांकित प्रती हव्या असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ ला देशभर लागू झाला आणि त्याच दिवशी पहिला अर्ज पुण्यात, एका पोलीस ठाण्यात दाखल झाला. महाराष्ट्रात १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चालतं. दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला शुल्क नाही. आपल्या राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो १५० शब्दांत. कॅन्टोन्मेंट बोर्ड केंद्राचं असल्याने तिथे कोर्ट फी स्टॅम्पऐवजी पोस्टल ऑर्डर जोडा.

"का केलं नाही?" असं विचारू नका. 'का'चं उत्तर देणं कायद्याने बंधनकारक नाही, जे कागदावर आहे तेच मागता येतं. विचारा: "अमुक दिनांकाच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणीची पाने व पत्रव्यवहार यांच्या प्रती." ३० दिवसांत उत्तर यायला हवं. मुदत उलटून गेली तर माहिती फुकट द्यावी लागते. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं. आयोगात तारीख लागायला फार वेळ जातो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहा. तिथे समोरासमोर बसून बऱ्याच गोष्टी सुटतात.

याच कायद्यात चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे नमुने मागण्याचाही हक्क आहे. तो फार कमी लोक वापरतात.

बजेटचं कॅलेंडर

आता निर्णयाकडे. महापालिकेचा पैसा वर्षभर हळूहळू ठरत जातो आणि मार्चअखेर त्यावर झाकण बसतं.

पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांकडून थेट कामं सुचवून घेणारं सहभागी अंदाजपत्रक सुरू केलं. पदपथ, पथदिवे, बसथांब्यावरचा निवारा, छोट्या वाहिन्या, उद्यानातली दुरुस्ती अशी कामं त्यात सुचवता येतात. एका कामाला साधारण पाच लाखांची मर्यादा असते. पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास वर्तमानपत्रांत आवाहन येतं. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो आणि महापालिकेच्या संकेतस्थळावरही. मुदत थोडी असते, म्हणून जुलैपासूनच कार्यालयात विचारत राहा.

आमचा पहिला अर्ज बाद झाला. आम्ही अख्खी गल्ली मागितली होती, रक्कम मर्यादेबाहेर गेली. दुसऱ्या वर्षी त्याच कनिष्ठ अभियंत्याकडे गेलो आणि अर्ज भरायच्या आधीच विचारलं, "पाच लाखांत नेमकं काय बसेल?" त्याने जागेवर येऊन पावलं मोजली. ज्या ६० मीटरमध्ये खरी अडचण होती तेवढंच मागा म्हणाला. अर्ज भरण्याआधी अभियंत्याला भेटायचं, हे मी आता प्रत्येकाला सांगते. जे काम त्याला तांत्रिकदृष्ट्या शक्य वाटत नाही ते यादीतून आधी गळतं.

अर्ज दिल्यावर झोपून जायचं नाही. यादी छाननी होऊन वर जाते. आयुक्त जानेवारीच्या सुमारास स्थायी समितीला अंदाजपत्रक सादर करतात, समिती त्यात बदल करते, मग ते मुख्य सभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत येतं. अंदाजपत्रकाची पुस्तकं संकेतस्थळावर येतात. आपल्या क्षेत्रीय कार्यालयाची पानं काढा आणि तुमच्या कामाचं नाव व रक्कम शोधा. नसेल तर अजून स्थायी समितीचा टप्पा बाकी असतो. त्याच आठवड्यात अध्यक्षांना आणि आपल्या भागातल्या सदस्याला एक पानाचं पत्र द्या.

दुसरी वाट 'स' यादीची. नगरसेवक आपल्या प्रभागातली कामं जिथे सुचवतात ती यादी. मार्च २०२२ मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि १५ जानेवारी २०२६ ला निवडणूक होईपर्यंत जवळजवळ चार वर्षं महापालिकेचा कारभार प्रशासकाकडे होता. आमचं काम त्याच काळातलं, म्हणून आम्हाला ही वाट नव्हतीच. आता १६५ नगरसेवक आहेत आणि बहुतेक प्रभागांत चौघं. एकाकडे जाऊन थांबू नका, चौघांनाही तेच पत्र द्या आणि प्रत्येकाची पोच घ्या. नगरसेवक मुख्य सभेत लेखी प्रश्न विचारू शकतात, त्यामुळे प्रश्न तुम्हीच तयार करून न्या. "अमुक कामाची टिपणी अमुक तारखेपासून प्रलंबित का?" असा नेमका प्रश्न त्यांनाही हवाच असतो.

पैसे मंजूर झाले तरी एक धोका उरतो, वर्गीकरण. एका कामासाठी ठेवलेली रक्कम वर्षाच्या मध्येच दुसऱ्या कामाकडे वळवली जाते, त्याला इथे वर्गीकरण म्हणतात. त्याचे प्रस्ताव स्थायी समितीच्या आणि मुख्य सभेच्या कार्यपत्रिकेवर असतात. निविदा निघून कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश, हातात पडेपर्यंत महिन्यातून एकदा कार्यालयात चक्कर मारा. काकू दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी जायच्या. कार्यालयात त्यांना बघितलं की कारकून स्वतःहून सांगायचा, "काकू, टेंडरला गेलंय."

हरकती व सूचना

काही निर्णय घेण्याआधी सरकारला कायद्याने लोकांना विचारावंच लागतं. जाहिरातीत तीन शब्द असतात, 'हरकती व सूचना', आणि खाली मुदत. ही मुदत तुमची सगळ्यात मोठी ताकद आहे. वर्तमानपत्रातलं जाहीर प्रकटनाचं पान वाचायची सवय लावा. सोसायटीत एका व्यक्तीने हे काम पत्करलं तरी पुरे.

झाडाच्या खोडाला चिकटवलेली नोटीस दिसली तर तिचा फोटो काढा. नागरी भागासाठी १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. त्यानुसार झाड तोडण्याचा अर्ज आला की नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात आणि मुदत फक्त सात दिवसांची. हरकत वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे, नोटिशीचा क्रमांक घालून. नुसतं "झाड तोडू नका" लिहू नका. झाडाची जात, बुंध्याचा घेर, ते निरोगी असल्याचे फोटो द्या, आणि फांदी छाटून किंवा भिंत दोन फूट सरकवून काम भागेल का ते लिहा. पर्याय दिला की अधिकाऱ्याला नाही म्हणायला जागा मिळते.

विकास आराखड्याचा प्रारूप नकाशा प्रसिद्ध झाला की महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ नुसार ३० दिवस मिळतात. जुन्या हद्दीचा आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा पुणेकरांनी ८० हजारांहून जास्त हरकती दाखल केल्या. त्यांवर नियोजन समितीपुढे सुनावण्या झाल्या. पुढे मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा आपल्या हातात घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याला मंजुरी दिली. एवढ्या ढिगात तुमची हरकत उठून दिसायला हवी असेल तर तिच्यात सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, आराखड्यातल्या पानाचा क्रमांक, नकाशाची प्रत आणि "मला सुनावणीची संधी द्यावी" हे वाक्य हवंच. छापील मजकुराखाली हजार सह्या घेतल्या तर समिती त्या एकाच मुद्द्याच्या म्हणून एकत्र ऐकते. वीस जणांनी आपापल्या शब्दांत आपलं घर, आपली शाळा, आपली विहीर लिहिली तर वीस मुद्दे ऐकावे लागतात.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. सूचना म्हणजे पाठिंबाही. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं, सुमारे ९७८ हेक्टरांचं आरक्षण सुचवलं गेलं. जमिनीचे मालक विरोधात होते आणि बांधकामाला परवानगी मिळावी म्हणून दबाव होता. माजी महापौर वंदना चव्हाण आणि त्यांच्याबरोबर अनेक पुणेकरांनी आरक्षणाच्या बाजूने पत्रं आणि सह्या गोळा करून सरकारकडे पाठपुरावा केला. राज्याची मान्यता आली २०१५ मध्ये, गावं शहरात आल्यानंतर अठरा वर्षांनी. चांगला प्रस्ताव आला की आपण मनातल्या मनात खूश होतो आणि गप्प बसतो. समितीपुढच्या ढिगात मग फक्त विरोधाची पत्रं असतात. मोजणारा तीच मोजतो.

वाहतूक पोलीस एखादा रस्ता एकेरी करताना किंवा नो-पार्किंग लावताना आधी तात्पुरता आदेश काढून सूचना मागवतात. वीजदरवाढीच्या प्रस्तावावर राज्य वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो, आणि त्यात कोणताही ग्राहक म्हणणं मांडू शकतो. पुण्यातल्या 'प्रयास'सारख्या संस्था तिथे वर्षानुवर्षं अभ्यास करून बोलत आल्या आहेत. त्यांची निवेदनं वाचली तरी कसं मांडायचं ते शिकायला मिळतं.

निर्णय आपल्या बाजूने लागला तरी शेवटचा फॉर्म आपल्यालाच भरावा लागतो. मिळकतकरातली स्वतः राहत असलेल्या घराची ४० टक्के सवलत काढून घेतली गेली, लोकांनी आवाज उठवला आणि २०२३ मध्ये ती परत आली. तरी अनेक घरांना ती मिळवण्यासाठी पीटी-३ नावाचा अर्ज भरून द्यायचा होता, आणि कितीतरी लोक सवलत आपोआप येईल म्हणून थांबले.

भेटायला जाताना

पाच जण पुरेत. त्यात ज्याच्या घरात पाणी येतं तो माणूस हवा, आणि बोलायला सुरुवात त्यानेच करावी. काकूंनी सहाय्यक आयुक्तांसमोर फोन ठेवला आणि आपल्या स्वयंपाकघरात घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या गॅसच्या सिलिंडरचा फोटो दाखवला. मी तयार करून नेलेले सगळे मुद्दे त्यानंतर सांगायला सोपे गेले.

अभियंत्याशी अरे-तुरे नको, व्हिडिओ काढत बोलणं नको. एका कनिष्ठ अभियंत्याकडे मोठा भाग असतो, पावसाळ्यात त्याचा फोन थांबत नाही. तो आपल्या बाजूने टिपणी लिहिणारा माणूस आहे. भेट संपली की त्याच संध्याकाळी पत्र द्या: "आजच्या भेटीत आपण सांगितल्याप्रमाणे १५ तारखेपर्यंत स्थळपाहणी होणार आहे." तोंडी आश्वासनाचा कागद होतो तो असा. क्षेत्रीय कार्यालयात मोहल्ला कमिटीच्या बैठका होतात, तिथे हेच पत्र हातात घेऊन उभं राहा. बैठकीला कनिष्ठ अभियंत्यापासून आरोग्य निरीक्षकापर्यंत सगळी खाती समोर असतात.

सगळं करूनही काही हललं नाही तर

लोकशाही दिन दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, महापालिकेत आणि जिल्हाधिकारी कार्यालयातही. सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी. अर्ज विहित नमुन्यात, १५ दिवस आधी द्यायचा. गाऱ्हाणं वैयक्तिक स्वरूपाचं लागतं. न्यायालयात असलेली प्रकरणं आणि नोकरीविषयक बाबी घेत नाहीत. म्हणून "आमच्या भागातले रस्ते" असं लिहू नका, "माझ्या घरात पाणी शिरते" असं लिहा. आधीच्या सगळ्या पोचा तारखेच्या क्रमाने जोडा. इथेच त्या पाच वर्षांच्या कागदांचं वजन पडतं.

नदी, कचरा, झाडं, प्रदूषण असा विषय असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे. कारण घडल्यापासून साधारण सहा महिन्यांत तिथे जावं लागतं, त्यामुळे वकिलाचा सल्ला लवकर घ्या. उच्च न्यायालयातली जनहित याचिका त्यानंतरची पायरी. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच येतो, तुम्ही आधी संबंधित कार्यालयाकडे लेखी मागणी केली होती का?

काम सुरू झाल्यावर

मे महिन्यात एका सकाळी जेसीबी आला. कार्यादेशाची प्रत आम्ही आधीच घेऊन ठेवली होती. त्यात कामाची लांबी, पाइपचा व्यास, ठेकेदाराचं नाव, पूर्ण करायची तारीख आणि दोष दायित्वाचा कालावधी, म्हणजे बिघाड झाला तर ठेकेदाराने किती काळ स्वखर्चाने दुरुस्ती करायची, हे सगळं असतं. समोरचे काका टेप घेऊन खाली उतरले आणि टेम्पोतून उतरवलेल्या पाइपच्या तोंडावर त्यांनी तो धरला. भरले ३०० मिमी.

मी कनिष्ठ अभियंत्याला फोन केला, कार्यादेशाच्या पानाचा आणि टेप लावलेल्या पाइपचा फोटो पाठवला. तो तासाभरात आला. त्याने पाइप परत न्यायला लावले आणि दोन दिवसांनी ४५० मिमीचे आले. चर बुजवण्याआधी आम्ही प्रत्येक जोडाचा फोटो काढला, उतार कुठल्या बाजूला आहे ते बघण्यासाठी काकूंनी वरच्या चेंबरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं आणि खालच्या चेंबरपाशी काका घड्याळ बघत उभे राहिले. दोष दायित्वाची तारीख काकूंच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली आहे. गल्लीच्या वरच्या निम्म्या भागाचा अर्ज येत्या ऑगस्टला द्यायचाय, त्याची पावलं मोजून झाली आहेत.